नानाची दुसरी फेरी

"शेंडी सोडावी लागेल, गुरुजी," ती मुलगी म्हणाली. "गाठीमुळे टोपी मागून उचलली जातेय."

"शेंडी सोडायची तर प्रतिज्ञा करावी लागते," नाना म्हणाला. "कोणाचं राज्य बुडवायचं ते आधी ठरवू दे."

"टोपी बसली नाही तर माझा प्रबंध बुडेल. तेवढंच राज्य आहे माझं."

नाना हसला आणि त्याने मुकाट्याने गाठ सोडली. तिने त्याच्या मस्तकावर ती जाळीची टोपी चढवली. टोपीला बत्तीस तारा लोंबत होत्या. प्रत्येक तारेच्या मुळाशी ती बिनसुईच्या पिचकारीने थोडा थोडा लेप सोडू लागली.

"थंड लागतंय का?"

"अभिषेक थंडच असतो, बाई. चालू दे तुझा. नाव काय म्हणालीस?"

"शाल्मली तुपे. इंदापूरची."

नानाने माझ्याकडे वळण्याचा प्रयत्न केला, पण तारांनी त्याला वळू दिले नाही. समोर पाहतच तो म्हणाला, "देवळ्या, ऐकलंस? शाल्मली म्हणजे सावर. समिधा घरची आणि तूपही घरचं. आता होमाला काही कमी नाही."

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी आमची लहानशी वेदपाठशाळा होती, आणि तिथल्या मागच्या खोलीत हे चालले होते. शाल्मली पुण्याच्या एका संस्थेत मेंदूच्या शास्त्रात पीएच. डी. करत होती. लहानपणापासून पाठांतर केलेल्या माणसांची स्मृती म्हातारपणी अधिक टिकते का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी तिने गोदाकाठचे बावीस वृद्ध वैदिक निवडले होते. दर सहा महिन्यांनी ती येणार, कागदावरच्या काही चाचण्या घेणार, टोपी घालून मंत्र आधी मनात म्हणवणार, मग ती टोपी काढून मोठ्याने म्हणवणार, आणि अशा चार फेऱ्या झाल्या की प्रबंध लिहिणार. हा विषय का घेतला असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, "माझे आजोबा शेवटी माणसं विसरले, गुरुजी, पण पावकी-निमकीचे पाढे नाही विसरले. मला ओळखायचे नाहीत, आणि मी पाढा चुकले की रागवायचे."

बावीस जणांत आम्ही दोघे होतो. नाना, म्हणजे वेदमूर्ती त्र्यंबक गर्गे, माझ्याहून वर्षाने मोठा. आम्ही एकाच गुरूंपाशी शिकलो आणि एकेचाळीस वर्षे घनपाठाचे जोडीदार होतो. घनपाठात मंत्रातली पदे सरळ चालत नाहीत. दोन पुढे, दोन मागे, तीन पुढे, तीन मागे, पुन्हा पुढे, अशी ती वळत जातात. एका पदाचे वळण चुकले की माणूस रानात वाट हरवावी तसा हरवतो. म्हणून जोडी लागते. शिवाय आमच्या शाखेत मंत्र मुखासह हातानेही म्हणायचा असतो. स्वर खाली गेला की हात खाली, चढला की वर, पदाच्या शेवटी मकार आला की मूठ मिटायची, विसर्ग आला की बोट पुढे करायचे. ज्याने आठ-दहा वर्षे असे अध्ययन केले आहे, त्याला समोरच्याचा नुसता हात पाहूनही पुढचे पद सापडते.

आमचे गुरुजी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत: जोडीदार अडखळला तर त्याच्याकडे पाहायचे नाही, थांबायचे नाही, आपला आवाज थोडा चढवायचा आणि त्याला वाटेवर आणायचे. त्याची चूक सभेपर्यंत जाता कामा नये. सभेला कळली तर ती दोघांची चूक. हा आमचा धर्म होता, आणि तो मी प्राणपणाने पाळत आलो होतो.

पहिल्या फेरीत मी खोलीत असण्याचे कारण नव्हते. प्रत्येकाने एकट्याने बसायचे असा तिचा नियम होता. पण नाना हटून बसला. "जोडीदार समोर नसेल तर मी आसनावर बसत नाही. हवं तर तुझी टोपी त्यालाही घाल."

शाल्मलीने क्षणभर विचार केला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बसा, देवळे गुरुजी. पण बोलायचं नाही हं."

"एक अक्षर नाही," मी म्हणालो.

त्या फेरीत बोलण्याची वेळच आली नाही. नानाने तिने सांगितलेले पाच शब्द दहा मिनिटांनी ओळीने परत दिले, आणि वर उलट्या क्रमानेही दिले. घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवली. शंभरातून सात वजा करत खाली जा म्हटल्यावर म्हणाला, "एवढंच? आम्ही मंत्र उलटे चालवतो, बाई. सात काय, सतरा सांग." घन त्याने असा म्हटला की शेवटचे पद संपल्यावरही ती मुलगी कितीतरी वेळ यंत्राची कळ दाबायची विसरली.

जाताना तिने कोमट पाण्याने स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याचा लेप धुतला. नाना डोळे मिटून बसला होता. म्हणाला, "आमच्या नशिबात मुलगी नव्हती. असती तर अशीच तोंडाळ असती."

पौष महिन्यात कोपरगावला एका घरी साठीची शांत होती. आम्ही दोघे घन म्हणायला बसलो. जो मंत्र नानाने हजार वेळा म्हटला असेल, त्यात तिसऱ्या वळणावर तो मागे जाण्याऐवजी पुढे गेला, मग थांबला, आणि पहिल्यापासून सुरू झाला. मी आवाज चढवला. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला, पाण्यात पडलेला माणूस काठाकडे पाहतो तसा, आणि वाटेवर आला. सभेला काही कळले नाही. यजमानांनी शाली दिल्या.

परतीच्या एस. टी.त बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आज घसा बसला होता."

"थंडी फार आहे," मी म्हणालो.

त्यानंतर तीन वेळा असे झाले. आम्ही त्याविषयी बोललो नाही. एकदा मात्र नानाच्या पत्नीने, इंदुवहिनींनी, मला थांबवले. मी नानाला बोलवायला गेलो होतो, तो आत कपडे बदलत होता, आणि वहिनी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. बोलल्या ते मेथीकडे पाहूनच.

"भाऊजी, ह्यांच्या पायांना काय झालंय? उंबऱ्याशी येतात आणि उभे राहतात. पाऊल उचलतच नाही. जमिनीवर कोणी डिंक सांडल्यासारखं."

"गुडघे असतील, वहिनी. सत्तरी आली."

"गुडघे दुखत नाहीत म्हणतात." त्या थांबल्या. मेथीची एक काडी उगीचच दोनदा खुडली. "आणि परवा अंथरुणात... तुम्हाला सांगायला नको होतं. पण सांगू कोणाला?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे न्यावं असं माझ्या मनात आहे. माझा भाचा गाडी देतो म्हणतो. पण हे ऐकायचे नाहीत. ती तुपेंची मुलगी मेंदूचंच शिकते ना? येईल तेव्हा तिला विचाराल? तिनं सांगितलं तर ऐकतील."

"विचारतो," मी म्हणालो.

फाल्गुनात शाल्मली दुसऱ्या फेरीला आली. पहिल्या दिवशी सकाळी माझी चाचणी झाली, दुसऱ्या दिवशी नानाची होती. पहिल्या दिवशी दुपारी नाना माझ्याकडे आला. दोन गल्ल्यांचे अंतर, पण त्याला यायला पुष्कळ वेळ लागला असावा, कारण तो घामाने भिजला होता. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, आणि पेला हातात धरूनच म्हणाला,

"पुरुषोत्तम, तिनं शब्द कोणते विचारले?"

एकेचाळीस वर्षांत त्याने मला पूर्ण नावाने हाक मारल्याचे आठवत नव्हते. मी नेहमी देवळ्या होतो.

"का रे?"

"मला ते जमायचं नाही. पाच शब्द राहत नाहीत माझ्याजवळ. घरी मी करून पाहिलं, हिला कळू न देता. दूध, पोस्ट, कात्री असं काही मनात धरतो आणि न्हाणीघरापर्यंत जातो. परत येईतो दूध उरतं." तो हसला. "ते तरी आधी आठवतं की चहा करायचाय म्हणून आठवतं, देव जाणे."

"मग तिला तसं सांगू या. मुलगी चांगली आहे."

"आणि ती लिहून ठेवेल. गर्गे घनपाठी, पाच शब्दांपैकी एक. तिच्या पुस्तकात छापून येईल. गुरुजींचं नाव आहे त्या कागदावर, कोणापाशी शिकलात म्हणून विचारलं होतं तिनं." त्याने पेला खाली ठेवला. "मला उघडा पाडू नकोस. पुढच्या फेरीपर्यंत सुधारेन मी. सध्या झोप लागत नाही, एवढंच आहे."

वहिनींना दिलेला शब्द माझ्या मनात नव्हता असे नाही. तो होता. परंतु समोर जोडीदार बसलेला होता, आणि वाटेवरून सुटला होता.

मी त्याला संथा दिली. आमच्याकडे मंत्र शिकवण्याची जी रीत आहे, अगदी त्या रीतीने. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. नारळ, पूल, मखमल, कुंकू, इंजिन. मी एकदा, तो दोनदा. मग दोन-दोन शब्द जोडून, मग तीन-तीन. मखमल त्याच्या हातून सारखे निसटे. मी त्याला तिथे हात खाली घ्यायला शिकवले. हाताबरोबर शब्द बसला. सूर्य कलला तोवर पाचही शब्द पक्के झाले होते, आणि घड्याळाचे काटे कुठे काढायचे तेही. सात-सातची वजाबाकी मी त्याला एका चालीवर बसवून दिली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. जाताना तो दारात उभा राहिला. पाऊल उचलेना. मी त्याच्या दंडाला धरले, तसा म्हणाला, "या वयात शिष्य मिळालास रे," आणि मग स्वतःच दुरुस्त केले, "म्हणजे मी तुला."

दुसऱ्या दिवशी त्याने पाच शब्द ओळीने दिले. घड्याळ काढले. वजाबाकी जरा गुणगुणत केली, त्यावर शाल्मली म्हणाली, "गाऊन वजाबाकी पहिल्यांदाच ऐकते." मग टोपीचे काम झाले आणि मोठ्याने म्हणायची वेळ आली. यंत्रावर आवाज मुद्रित होत होता. ती त्याच्या बाजूला, पडद्याकडे तोंड करून बसली होती. मी नानाच्या समोर.

दुसऱ्याच वळणावर त्याचा स्वर थरथरला. मी मांडीवरचा हात उचलला. थोडाच, गुडघ्याच्या उंचीइतका. त्याची नजर तिथे आली. मी मूठ मिटली. त्याला पद सापडले. पुढे पुन्हा अडला, मी बोट पुढे केले. असा सबंध घन आम्ही पार केला, तो मुखाने आणि मी हाताने. मी दिलेला शब्द पाळला. एक अक्षर बोललो नाही.

सायंकाळी शाल्मली नानाच्या घरी निरोप घ्यायला गेली. मी बरोबर होतो. तिचा चेहरा उजळला होता. वहिनींनी तिच्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली, आणि मी विचारत नाही हे पाहून स्वतःच विचारले.

"बाळ, ह्यांचं ठीक आहे ना सगळं? डोक्याचं?"

"आजी, ठीक काय विचारता," ती म्हणाली. "गेल्या वेळपेक्षा तसूभर कमी नाही. वजाबाकीत तर जलद झाले. तुम्ही काळजी का करताय?"

"पाय अडखळतात. आणि आणखी थोडं..." वहिनींनी नानाकडे पाहिले आणि शब्द गिळला. "नाशिकला दाखवावं म्हणत होते."

शाल्मलीने चमचा खाली ठेवला. तिने लगेच उत्तर दिले नाही, हे मी शपथेवर सांगतो. "मी डॉक्टर नाही, आजी. हाडांच्या डॉक्टरांना गुडघे दाखवा. पण मेंदूसाठी नाशिकला धावपळ करायची असेल, तर त्याचं कारण मला तरी चाचणीत दिसत नाही. स्मृती उत्तम आहे."

"ऐकलंस?" नाना वहिनींना म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला आणि तिच्या बशीत आणखी खिचडी वाढली. भाच्याला त्यांनी गाडी नको म्हणून कळवले. कोपरगावच्या डॉक्टरांनी गुडघ्यांना तेल आणि गोळ्या दिल्या.

श्रावणापर्यंत नानाने घन म्हणणे सोडले. घसा बिघडला असे आम्ही सर्वांना सांगत होतो. भाद्रपदाची तिसरी फेरी शाल्मलीची एकाएकी पुढे गेली. तिचे यंत्र बिघडले होते. आश्विनात, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, नाना अंगणात तुळशीपाशी पडला. डोक्याला खोक पडली म्हणून त्याला नाशिकला नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचे चित्र काढवले.

डॉक्टर वयाने लहान होते, पण बोलणे शांत. त्यांनी चित्र उजेडावर धरले. "मेंदूच्या आत पोकळ्या असतात, गुरुजी. त्यात पाणी तयार होतं आणि मुरत राहतं. यांचं मुरत नाहीये. पोकळ्या फुगल्यात, बघा. पाऊल चिकटणं, लघवीवर ताबा न राहणं आणि विसरणं, तिन्ही यानंच. किती दिवस आहे हे?"

"पौषापासून," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले. "एक बारीक नळी घालून पाणी पोटात उतरवता येतं. चालणं बहुधा सुधारेल. स्मृतीचं आता सांगता येत नाही. हा आजार लवकर सापडला तर माणूस पुष्कळसा परत येतो. उन्हाळ्यात आणलं असतं तर मी जास्त आशेनं बोललो असतो."

वहिनी म्हणाल्या, "उन्हाळ्यात आणणारच होतो."

शस्त्रक्रियेच्या दिवशी शाल्मली पुण्याहून आली. इस्पितळाच्या आवारात एका बाकावर आम्ही दोघे बसलो. तिच्या मांडीवर कागदांची जाड चवड होती. तीन दिवस झोपली नसावी.

"माझ्या मोजण्यात चूक कुठे झाली ते शोधतेय," ती म्हणाली. "फाल्गुनात हा आजार असणारच, डॉक्टर म्हणतात. मग माझ्या चाचणीत कसा दिसला नाही? मी प्रत्येक आकडा पुन्हा तपासला. आवाज दहा वेळा ऐकला. चाचणीच निरुपयोगी असेल, तर बावीसही जणांचं काम व्यर्थ आहे, गुरुजी. आणि मी आजींना काय सांगून बसले."

"चाचणी बरोबर होती," मी म्हणालो.

मग मी तिला सांगितले. नारळ, पूल, मखमल. हाताचे सांगितले. ती ऐकत राहिली. रागावली असती तर मला सोपे गेले असते. तिने एकच विचारले.

"का?"

"परीक्षेत जोडीदाराला पडू देत नाहीत आमच्यात."

"परीक्षा नव्हती ती." तिचा आवाज इतका हलका होता की मला पुढे झुकावे लागले. "संमतिपत्राच्या तिसऱ्या पानावर आहे. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. ज्याचा गुण एका फेरीत उतरेल, त्याला आमची संस्था मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जाईल, सगळ्या तपासण्या करील. जो चुकेल त्याच्यासाठीच होतं हे, गुरुजी. नानांना फक्त चुकू द्यायचं होतं तुम्ही."

ते पान मी ऐकले होते. सही माझीच होती, वळणदार, देवनागरीत. परंतु ज्याने आयुष्यभर उत्तीर्ण होण्यासाठीच परीक्षा दिल्या, त्याच्या कानांना अनुत्तीर्णांसाठी लिहिलेले वाक्य आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही.

तिने कागदांच्या चवडीतून नानाची पाने बाजूला काढली. मग थोडे थांबून माझीही काढली. तिचा प्रबंध त्यानंतर दीड वर्ष लांबला, असे मला पुढे तिच्या मार्गदर्शकांच्या एका पत्रातून कळले.

डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले. मार्गशीर्षात नाना चालू लागला, ताठ, पाऊल उचलून, पूर्वीपेक्षाही झपाट्याने. मुखात मात्र काही उरले नव्हते. मंत्राचे पहिले पद दिले तर तो नम्रपणे हसे आणि मी पुढे म्हणण्याची वाट पाही, श्रोत्यासारखा. मी पहाटे त्याला नदीवर नेई, स्नान घाली, परत आणी. वाटेत तो मला कधी देवळ्या म्हणे, कधी अहो म्हणे.

माघात शाल्मली पुणतांब्याला आली. मी ओट्यावर नानाला संत्रे सोलून देत होतो. वहिनींनी तिला बस म्हटले नाही. ती फाटकाच्या आत, अंगणातच उभी राहिली.

"कशा आहात, आजी?"

"मी आहे. हे चालतात बघ. जायचं कुठे ते ठाऊक नसतं, पण चालतात."

नाना संत्र्याची फोड हातात धरून शाल्मलीकडे पाहत होता. "तुम्ही गावातल्याच का?" त्याने आदराने विचारले.

"नाही, आजोबा. इंदापूरची."

"लांबून आलात. बसा ना."

वहिनी उठल्या. त्यांनी कधी कोणाला उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशीही आवाज चढला नाही. "मी तुला विचारलं होतं, बाई. याच ओट्यावर. भाच्याची गाडी ठरवली होती मी. तू म्हणालीस, स्मृती उत्तम आहे. तू शिकलेली, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही."

शाल्मलीने माझ्याकडे पाहिले.

माझ्यापाशी वाक्य तयार होते. तीन महिने मी ते घोटत होतो. "वहिनी, हिचं काही चुकलं नाही, शब्द मी शिकवले होते." एवढेच. माझ्या हातात संत्र्याचे साल होते. मी ते सालच पाहत राहिलो. कितीतरी वेळ गेला असे मला वाटले, पण फार वेळ गेला नसावा, कारण नानाची फोड अजून त्याच्या हातातच होती.

"हो, आजी," शाल्मली म्हणाली. "माझं चुकलं."

"चुकलं म्हणायला बरं असतं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तिच्यामागे फाटकाबाहेर गेलो. ती स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. मी हाक मारली तेव्हा थांबली, पण वळली नाही.

"मी आत्ता जातो आणि सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"नानांना नदीवर कोण नेतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"तुम्ही सांगितलंत तर आजी तुम्हाला उंबरा ओलांडू देतील?"

मी मागे फाटकाकडे पाहिले.

"मग त्यांना दुसरं कोण आहे?" आता ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "माझ्यावर रागावून त्यांचं काही अडणार नाही. मी पुण्याला असते. तुम्ही येत राहा."

मी जात राहिलो. नाना त्यानंतर सहा वर्षे होता. ओट्यावर कोणी समाचाराला आले की वहिनी इंदापूरच्या त्या मुलीची गोष्ट सांगत. दर वेळी तीच, त्याच शब्दांत. मी शेजारी बसून ऐकत असे. एकदाही माझी मान हलली नाही, होकारार्थी नाही आणि नकारार्थीही नाही. ही एवढीच माझी प्रामाणिकता.

नानाच्या तेराव्याला माणसे पांगली, तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटले, आता सांगावे. आता नदीवर न्यायला कोणी उरलेले नाही. मी त्यांच्यासमोर पाट ओढून बसलो.

त्याच आधी बोलल्या. "भाऊजी, देवानं सगळं नेलं. पण एवढं एक बरं केलं, तुम्हाला जवळ ठेवलं. दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं."

"वहिनी," मी म्हणालो.

"काय?"

"पाणी आणू का?"

"आणा," त्या म्हणाल्या. मी उठलो आणि पाणी आणायला आत गेलो.